पाठीवरची शर्यत आणि बीडचे पाणी

लॉस एंजेलिसला २०२८ मध्ये होणाऱ्या ऑलिंपिकमध्ये जलतरणाच्या कार्यक्रमात एक बदल झाला आहे. पुरुष आणि महिलांसाठी ५० मीटर बॅकस्ट्रोकची शर्यत पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये येते आहे. तिच्याबरोबर ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायच्या ५० मीटर शर्यतीही आहेत. आजवर एवढ्या कमी अंतराची शर्यत फक्त फ्रीस्टाइलची असे. भारतासाठी ही बातमी जरा जास्त महत्त्वाची आहे. अहमदाबादला २०२५ मध्ये झालेल्या आशियाई जलक्रीडा स्पर्धेत श्रीहरी नटराजने ज्या शर्यतींत रौप्यपदक मिळवले, त्यातली एक नेमकी ५० मीटर बॅकस्ट्रोकची होती. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धाही अहमदाबादलाच होणार आहेत. म्हणजे आज दहा-बारा वर्षांच्या असलेल्या मुलांना पुढची पाच-सहा वर्षे ‘पाठीवर पोहण्यात करिअर होऊ शकते का’ हा प्रश्न विचारता येईल.

हा प्रश्न बीड जिल्ह्यातून विचारला तर तो वेगळाच दिसतो. खेळाडू घडवण्यात बीड मागे नाही. आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे ९.९१ सेकंदांपर्यंत पोहोचला आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेऊन आला. पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ मध्ये राष्ट्रकुलचा सुवर्णविजेता मल्ल झाला. बीडचा सचिन धस २०२४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात भारतासाठी खेळला. माती, रस्ता, मॅट आणि खेळपट्टी या चारही गोष्टींतून या जिल्ह्याने माणसे वर काढली. पाण्यातून मात्र या तोडीचा कोणी आला नाही. साबळेच्या शर्यतीत सात वेळा पाण्यावरून उडी मारावी लागते, तेवढाच काय तो संबंध.

याचे उत्तर बहुतेक जण एका शब्दात देतात: दुष्काळ. ते उत्तर अर्धेच खरे आहे, आणि उरलेले अर्धे समजून घ्यायचे तर आधी हा खेळ शरीराकडून काय मागतो ते पाहावे लागेल.

उताणे पडून पाण्यावर राहणे हे पोहण्यातले सर्वांत सोपे काम वाटते. छाती हवेने भरलेली असेल तर माणसाची सरासरी घनता पाण्यापेक्षा किंचित कमी असते, म्हणून तो तरंगतो. पण पाणी शरीराला वर ढकलते ते छातीच्या आसपास, कारण हवा तिथे असते; आणि शरीराचे वजन एकवटते ते त्याहून खाली, कमरेजवळ. दोन बिंदू एकाच ठिकाणी नसल्याने पाय खाली जाऊ लागतात. नवशिक्या उताणा पडला की घाबरून मान वर उचलतो, आणि तेवढ्याने कंबर बुडते. बॅकस्ट्रोकचा पहिला धडा म्हणून मानेचा असतो: कान पाण्यात, नजर आभाळाकडे, पोट वर. पुढची अनेक वर्षे जे शिकायचे त्याचा पाया हाच.

वेग वाढला की गणित बदलते. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट घन आहे आणि वेग दुप्पट केला तर विरोध साधारण चौपट होतो. त्यामुळे चांगला जलतरणपटू जोर लावण्यापेक्षा विरोध कमी करण्यावर जास्त मेहनत घेतो. बॅकस्ट्रोकमध्ये तो सपाट पडून राहत नाही. प्रत्येक हाताबरोबर धड एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर फिरते, डोके मात्र स्थिर असते. पाण्याच्या पृष्ठभागावर लाटा उठवण्यात बरीच शक्ती वाया जाते, म्हणून सुरुवातीला आणि प्रत्येक वळणानंतर तो पाण्याखाली राहून दोन्ही पाय जोडून डॉल्फिनसारखा फटका मारतो. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या डेव्हिड बर्कॉफने हे तंत्र इतके ताणले, की प्राथमिक फेरीत ५४.५१ सेकंदांचा विश्वविक्रम झाला. अंतिम फेरीत जपानच्या दाइची सुझुकीने मात्र त्याच युक्तीने त्याला हरवले. त्यानंतर पाण्याखालच्या अंतरावर बंधन आले. आज १५ मीटरपर्यंत डोके वर आलेच पाहिजे.

श्वास मोकळा असतो, हा बॅकस्ट्रोकचा फायदा. समोरचे दिसत नाही, हा तोटा. भिंतीच्या पाच मीटर अलीकडे तलावावर आडव्या पताका लावलेल्या असतात. त्या डोळ्यांवरून गेल्या की पोहणारा हात मोजतो आणि ठरलेल्या हाताला वळतो. तो आकडा चुकला तर डोके भिंतीवर आपटते किंवा अर्धा हात वाया जातो.

बीडच्या विहिरीचा संबंध इथे येतो. जिल्ह्यातील हजारो मुले पोहायला विहिरीतच शिकतात. पाठीला रिकामा डबा, वाळलेला भोपळा किंवा ट्यूब बांधून कोणी काका-मामा पाण्यात सोडतो, दोन उन्हाळ्यांत मुलगा काठावरून मुटका मारू लागतो. त्याची भीती जाते, दम वाढतो, बुडी मारून तळाची वस्तू आणण्याइतके फुप्फुस तयार होते. पण विहिरीत सरळ रेषा नसते. आठ-दहा हात मारले की दगडी कडा येते. उताणे पोहायचे म्हणजे डोके कड्याला लागण्याची खात्रीच. बीडजवळची सोळाव्या शतकातली खजाना बावडी पाण्याच्या अभियांत्रिकीचा उत्तम नमुना आहे आणि कंकालेश्वराचे मंदिर तर पाण्याच्या मधोमध उभे आहे. या मुलखाला पाण्याची जाण नव्हती असे कोणी म्हणू नये. मात्र बॅकस्ट्रोकला जे लागते ते लांब, सरळ, स्वच्छ आणि वर्षभर एकाच तापमानाचे पाणी. कोल्हापूरचा वीरधवल खाडे सोळा-सतराव्या वर्षी, २००८ मध्ये, बीजिंग ऑलिंपिकला पोहोचला. एवढ्या कोवळ्या वयात तिथवर जायचे तर त्याआधीची अनेक वर्षे अशा पाण्यात जावी लागतात.

आता करिअरकडे. भारतीय बॅकस्ट्रोकमधली दोन अलीकडची उदाहरणे बोलकी आहेत.

बेंगळुरूच्या श्रीहरीने जून २०२१ मध्ये रोमला १०० मीटर बॅकस्ट्रोक ५३.७७ सेकंदांत पूर्ण केले. टोकियो ऑलिंपिकची थेट पात्रता ५३.८५ होती. फरक ०.०८ सेकंदाचा. त्याच्या वेगाने हिशेब केला तर हे अंतर सुमारे १५ सेंटिमीटर भरते, वीतभरही नाही. महिन्याभराने टोकियोत त्याने ५४.३१ सेकंद घेतले, म्हणजे स्वतःच्या सर्वोत्तम कामगिरीपेक्षा एक मीटर मागे, आणि तो २७ वा आला. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये वेळ ५५.०१ झाली. मग पुढच्याच वर्षी आशियाई रौप्य. खेळाडूचा आलेख दरवर्षी वर चढतो अशी आपली समजूत असते. जलतरणात तो असा वरखाली होतो, आणि प्रत्येक वरखाली होण्यात काही शतांश सेकंद असतात. जागतिक पातळी किती दूर आहे हेही लक्षात ठेवायला हवे. १०० मीटरचा विश्वविक्रम इटलीच्या थॉमस चेकॉनचा आहे, ५१.६० सेकंदांचा.

दुसरे उदाहरण अहमदाबादच्या माना पटेलचे. टोकियोत उतरलेली ती पहिली भारतीय महिला बॅकस्ट्रोक जलतरणपटू. तिला प्रवेश मिळाला तो प्रत्येक देशाला एक संधी देणाऱ्या सार्वत्रिक कोट्यातून. तिथे तिने १ मिनिट ५.२० सेकंदांची वेळ दिली. थेट पात्रता १ मिनिट ०.२५ ची होती. जवळपास पाच सेकंद, म्हणजे साडेसात मीटरचे अंतर. हे आकडे ऐकून नाक मुरडणारे बरेच निघतील. पण त्याआधीची तिची काही वर्षे पाहिली पाहिजेत. २०१७ मध्ये खांद्याच्या दुखापतीने तिला तलावाबाहेर काढले. २०१८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत ती सुवर्णपदकांसह परतली, आणि तयारीसाठी तिला घर सोडून मुंबई गाठावी लागली. साबरमतीकाठच्या मोठ्या शहरातल्या मुलीला हे करावे लागले, तर गेवराई-धारूरच्या मुलीचे काय?

खांद्याविषयी जरा सविस्तर सांगणे गरजेचे आहे, कारण या खेळाडूंची करिअर तिथेच अडकतात. खांदा हा शरीरातला सर्वांत मोकळा सांधा. गोळा मोठा, खोबण उथळ. त्याला जागेवर ठेवतात ते चार छोटे स्नायू आणि त्यांचे कंडरे. बॅकस्ट्रोकमध्ये हात डोक्यामागे, पूर्ण ताणलेल्या अवस्थेत पाण्यात शिरतो आणि लगेच त्यावर भार येतो. या क्षणी गोळा पुढच्या बाजूला सरकू पाहतो. धड पुरेसे फिरले नाही तर हा ताण आणखी वाढतो. आता मोजणी करा. ५० मीटरला साधारण ३० ते ३५ हात लागतात. दिवसाला पाच किलोमीटरचा सराव म्हणजे शंभर फेऱ्या, म्हणजे तीन हजारांहून जास्त हात. एकेका खांद्याच्या वाट्याला दीड हजारांवर. आठवड्यात सहा दिवस, वर्षात अकरा महिने. वाढीच्या वयातल्या मुलाच्या सांध्यावर एवढी आवर्तने घालायची तर बाजूला फिजिओथेरपिस्ट, ताकदीचा व्यायाम आणि ‘आज दुखतेय’ असे म्हटल्यावर ऐकून घेणारा प्रशिक्षक लागतो. खांदा दुखत असताना हात पोहोचत नाही म्हणून आणखी फेऱ्या मारायला लावणे, ही आपल्याकडची जुनी खोड आहे.

मुलींच्या बाबतीत प्रश्न आणखी एका पातळीवर जातो. जलतरणात मुली मुलांपेक्षा लवकर चमकतात आणि त्यांनी पाण्यात टिकायची खरी वर्षे पंधरा ते पंचवीसच्या दरम्यान येतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन कमी म्हणजे स्नायूंना ऑक्सिजन कमी. १०० मीटरच्या शेवटच्या २५ मीटरला पाय जड होतात ते आधी इथे. त्याच सर्वेक्षणानुसार बीड हा राज्यात बालविवाहाचे प्रमाण सर्वाधिक असलेल्या जिल्ह्यांपैकी एक आहे. २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते. ज्या वयात मुलीच्या खांद्याला ताकद येते, त्या वयात तिचे करिअर कशाने थांबते हे शोधायला क्रीडाशास्त्राची गरज नाही. पाळीच्या दिवसांत पाण्यात उतरायचे कसे, पोहण्याचा पोशाख घालून बापभावांसमोर यायचे कसे, या गोष्टी तर बहुतेक घरांत बोलल्याच जात नाहीत.

आणि मग पाणी. ऑलिंपिक मापाचा तलाव ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि किमान दोन मीटर खोल. म्हणजे २५ लाख लिटर. दुष्काळात टँकरने माणशी रोज २० लिटर पाणी देण्याचा जो निकष धरला जातो, त्याने हे पाणी सव्वा लाख लोकांना एक दिवस पुरेल. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले आणि उच्च न्यायालयाच्या आदेशाने आयपीएलचे सामने राज्याबाहेर गेले. त्या वर्षी बीडमध्ये कोणी जलतरण तलावाचे नाव काढले असते तर लोकांनी त्याला गावातून हाकलले असते, आणि त्यांचे चुकले नसते.

तरीही हा हिशेब पुरा करायला हवा. तलावातले पाणी रोज बदलत नाहीत, ते गाळून, क्लोरिन टाकून पुन्हा वापरतात. खरा खर्च होतो तो बाष्पीभवनाचा आणि गाळणी धुण्याचा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला सहा मिलिमीटर घटली असे धरले, तर साडेबाराशे चौरस मीटरच्या तलावातून रोज साडेसात हजार लिटर उडून जाईल. एका टँकरपेक्षा कमी. रात्री आच्छादन घातले, वर छप्पर असले तर आणखी कमी. २५ मीटरचा लहान तलाव बांधला तर तेही निम्म्यावर. एकदा भरलेला तलाव टिकवणे चांगल्या पावसाच्या वर्षी बीडसारख्या जिल्ह्याला परवडू शकते. त्याहून अवघड आहे ते पंप चालवायचे वीजबिल, गाळणी सांभाळणारा माणूस, जीवरक्षक आणि पूर्णवेळ प्रशिक्षक. तलावाचे उद्घाटन होते, दोन उन्हाळे सुटीतले वर्ग चालतात, मग फरशा निखळतात आणि पाणी हिरवे होते. ही गोष्ट महाराष्ट्रातल्या कितीतरी तालुक्यांना माहीत आहे. तिथे कमी पडतो तो दरमहाचा खर्च.

बीडच्या बाबतीत दुष्काळाइतकीच मोठी अडचण कॅलेंडरची आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील लाखो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या फडांकडे निघतात. मार्च-एप्रिलपर्यंत ते परतत नाहीत आणि त्यांच्यातल्या अनेकांची मुले कोयत्यामागे त्यांच्याबरोबर जातात. दमाची क्षमता फार लवकर ओसरते: सराव थांबला की दोन आठवड्यांत रक्ताचे आकारमान घटू लागते, महिनाभरात शरीराची ऑक्सिजन वापरण्याची ताकद स्पष्ट कमी होते. पाण्याची पकड, ज्याला प्रशिक्षक ‘पाण्याची जाणीव’ म्हणतात, ती तर त्याआधीच जाते. वर्षातून पाच-सहा महिने फडावर असणारे मूल धावपटू होऊ शकते, कारण धावायला बांध आणि रस्ता कुठेही असतो. साबळे शाळेसाठी रोज सहा किलोमीटर चालत-धावत जाई, बारावीनंतर सैन्यात गेला आणि धावण्याचे शिस्तशीर शिक्षण त्याला तिथे मिळाले, विशीत. जलतरणात विशीत सुरुवात करून आंतरराष्ट्रीय पातळी गाठणे जवळपास अशक्य. म्हणूनच निवासी क्रीडा प्रशाळेशिवाय बीडमधून बॅकस्ट्रोकचा खेळाडू निघण्याची शक्यता फार कमी वाटते. राज्याकडे पुण्याच्या बालेवाडीत आंतरराष्ट्रीय दर्जाचा तलाव १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांपासून आहे. मराठवाड्यातल्या दहा वर्षांच्या मुलाला तिथवर नेणारी वाट मात्र अरुंद आहे.

पोहून पुढे पोट भरते का, हा पालकांचा प्रश्नही रास्त आहे. वीरधवल खाडेला २०१० च्या आशियाई स्पर्धेतील पदकानंतर राज्याने तहसीलदार केले. नोकरी सुरक्षित झाली, पण सरावाची कित्येक वर्षे गेली. परतल्यावर २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलचे कांस्य त्याच्या हातून ०.०१ सेकंदाने निसटले. त्या शतांशाची जबाबदारी कोणावर टाकायची हे सांगता येणार नाही. पण खेळाडूला पद देताना सरावाची रजाही द्यायची असते, एवढे त्यातून दिसते. करमाळ्याकडच्या सुयश जाधवने विजेच्या अपघातात दोन्ही हात गमावूनही २०१८ च्या आशियाई पॅरा स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचे सुवर्ण मिळवले. तोही कोरडवाहू मुलूखच आहे.

पदकांचा विषय इथे बाजूला ठेवून एक तारीख पाहण्यासारखी आहे. माना पटेल टोकियोच्या पाण्यात उतरली तो दिवस २५ जुलै २०२१ होता. संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेला पहिला जागतिक बुडून मृत्यू प्रतिबंधक दिनही तोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात वर्षाला सुमारे तीन लाख माणसे बुडून मरतात, आणि पाच ते चौदा वयाच्या मुलांच्या मृत्यूचे हे एक प्रमुख कारण आहे. भारतात अशा मृत्यूंची नोंद वर्षाला ३५ हजारांच्या वर जाते.

बीडमध्ये हा धोका गेल्या दहा वर्षांत रूप बदलून आला आहे. ‘मागेल त्याला शेततळे’ योजना २०१६ मध्ये सुरू झाली आणि कोरड्या शिवारांत शेततळी दिसू लागली. पिकाला आधार मिळाला. पण शेततळ्याला प्लास्टिकचे अस्तर असते, उतार तीव्र असतो, आणि ओले अस्तर शेवाळ धरले की काचेसारखे निसरडे होते. विहिरीला निदान पायऱ्या, मोटेची धाव, दगडाच्या खाचा असतात. शेततळ्यात पोहता येणाऱ्यालाही बाहेर पडता येत नाही. हात-पाय मारून तो दमतो आणि बुडतो. वाचवायला गेलेला दुसरा त्याच अस्तरावरून आत घसरतो.

उताणे तरंगणे इथे उपयोगी पडते. मान मागे, कान पाण्यात, छाती भरलेली, हात पसरलेले. या स्थितीत न दमता बराच वेळ नाक-तोंड पाण्याबाहेर राहते आणि हाका मारता येतात. हे शिकायला २५ मीटरचा तलावही लागत नाही. कमरेएवढ्या पाण्यात, जाणकार माणसाच्या हाताखाली, आठ-दहा दिवसांत बहुतेक मुलांना जमते. मुलींनाही शिकवले पाहिजे. शेततळ्यावर पाणी शेंदायला आणि धुणे धुवायला अनेकदा त्याच जातात. तळ्याभोवती कुंपण हवे. अस्तरावर काठापासून तळापर्यंत गाठी मारलेला दोर किंवा एकमेकांना बांधलेले जुने टायर कायम सोडलेले हवेत, आणि फेकायला एक हवा भरलेली ट्यूब.

बाहेर काढलेल्या माणसाचे पोट दाबून किंवा त्याला उलटे धरून पाणी काढण्याची पद्धत अजून चालू आहे. ती घातक आहे. पोटातले पाणी उलटून फुप्फुसात जाते आणि मोलाची मिनिटे वाया जातात. त्याला श्वास नसेल तर उताणे झोपवून, मान मागे करून, नाक चिमटीत धरून आधी तोंडाने पाच श्वास द्यायचे असतात, कारण बुडालेल्याच्या शरीरात कमतरता ऑक्सिजनची असते. त्यानंतर छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी तीस दाब, पुन्हा दोन श्वास, आणि १०८ वर फोन केलेला असला तरी रुग्णवाहिका येईपर्यंत हे थांबवायचे नाही. तो शुद्धीवर आला, बोलू लागला, तरी त्याला दवाखान्यात न्यावे. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो.